अनुसयाबाईच्या कपाळावरचे नऊ ठिपके

माघ सरत आला तरी थंडीनं पाय काढला नव्हता. सकाळी आठपर्यंत समुद्रपूरच्या बस स्टँडवर धुकं असं बसून राहायचं, की एसटी आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. प्रफुल भोयरनं सपना फोटो स्टुडिओचं शटर खांदा लावून वर ढकललं. ते गारठ्यानं आखडलं होतं, त्याच्या बोटांसारखं. त्यानं आत झाडू मारला, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, बापाच्या फोटोला उदबत्ती ओवाळली. मग स्टूल पुसला, कंगवा फुंकरला, पावडरचा डबा हलवून पाहिला. खिळ्यावरच्या काळ्या कोटावर दोन थापा मारल्या, तसा धुरळा उडाला. निळा पडदा एका बाजूनं विटला होता, म्हणून गिऱ्हाईक नेहमी दुसऱ्या बाजूला बसवायचं. कॉम्प्युटरचं बटन दाबलं. तो म्हाताऱ्यासारखा खाकरत सुरू होईस्तोवर एक चहा व्हायचा.

चहा घेताना त्याचा हात टेबलाच्या खालच्या ड्रॉवरकडे गेला आणि तिथूनच मागं आला. आज बाजाराचा दिवस. आज कांतामावशी येणार.

प्रफुल चाळिशीचा. दहावीनंतर हिंगणघाटला एका स्टुडिओत सहा वर्षं राबला. तिथला उस्ताद सांगायचा, लोकांना आरसा दाखवू नको, आरसा त्यांच्या घरी असतोच. प्रफुलनं ते गाठीशी बांधलं आणि समुद्रपुरात दुकान टाकलं. दुकानाला नाव दिलं सपना, आणि दोन वर्षांनी सांगून आलेल्या पोरीचं नावही तेच निघालं. तेव्हापासून सासुरवाडीचे लोक त्याच्याकडे संशयानं पाहतात.

आधी लग्नाची कामं होती. ती ड्रोनवाल्या पोरांनी नेली. आता उरले पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि मेलेली माणसं. घरचं कोणी गेलं की चौथ्या-पाचव्या दिवशी पोरगा यायचा, आधार कार्ड नाहीतर लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन. "भाऊ, तेरवीच्या आधी मोठा करून द्या." प्रफुल त्या घोळक्यातून एक मुंडकं अलगद उचलायचा आणि कॉम्प्युटरमधल्या तयार कोटावर बसवायचा. काळा कोट, लाल टाय. बायांसाठी हिरवी साडी, जरीचा काठ. मग डाग काढायचे. सुरकुत्या निम्म्या करायच्या, रंग दोन पायऱ्या उजळवायचा. तालुक्यातले कितीतरी मेलेले पुरुष एकाच कोटात भिंतीवर बसलेले होते, आणि एकाच्याही बायकोनं तक्रार केली नव्हती. उलट एकजण म्हणाली होती, "जित्तेपणी असे दिसले असते तं मी भांडली नसती."

हे सगळं चाललं होतं ते बरं चाललं होतं. मग सावळखेडच्या सरपंचांनी गौरव दालन काढलं.

सावळखेड हे प्रफुलचंच गाव. तिथं सोसायटीचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. सरपंच सदाशिवरावांनी त्याला चुना मारला, पंखे लावले आणि ग्रामसभेत सांगितलं, की गावातल्या थोर माणसांचे फोटो इथं लागतील. नियम एकच, माणूस मेलेला पाहिजे. जित्त्या माणसाच्या फोटोला हार कसा घालणार?

"मेलेल्याईचे फोटो लावून का भेटते?" मागून एकजण म्हणाला. "त्याच्यापरीस नाली काढा ना बावा."

"नाली दरसाली निघते आन दरसाली बुजते," सदाशिवराव म्हणाले. "पोट्टे येतीन, पाहतीन. आपल्या मातीतबी मोठे माणसं झाले, हे समजन त्याईले."

"पोट्टे मोबाईल पाह्यते. भिंत कोण पाह्यते?"

तरी यादी झाली. स्वातंत्र्याच्या लढाईत तुरुंगात गेलेले एक, शाळेला जागा देणारे एक, एक पहिलवान, एक कीर्तनकार, दोन मास्तर. असे करत करत अकरा झाले. तेव्हा बायांच्या घोळक्यातून प्रफुलची आई कौशल्याबाई उठली. ती एरवी ग्रामसभेत फक्त जांभया द्यायला येते.

"अकरा गडी लावून राह्यले," ती म्हणाली. "आन ज्या बाईनं अर्धं गाव बाहेर काढलं, थे कुठी हाय?"

बाया हसल्या, गडी खाली पाहू लागले. अनुसयाबाई कुमरे ही गावची दाई. गोंड मोहल्ल्यात राहायची, कपाशी वेचायची, आणि कोणाकडे वेणा सुरू झाल्या की कमरेची कापसाची ओटी सोडून तशीच धावायची. जाऊन तिला दहा वर्षं झाली होती. प्रफुल तिच्याच हातचा. तो पायाळू. आधी दोन पाय आले आणि मग बाकीचा प्रफुल. आईला हिंगणघाटला न्यायला ट्रॅक्टर आणला होता, तो नाल्यात फसला. इकडे भर दुपारी अनुसयाबाईनं त्याला एकटीनं सोडवला. पुढे तो रस्त्यात दिसला की ती त्याच्या पायाचा अंगठा ओढायची. "याले मी पायाकडून वर काढला," म्हणायची.

ग्रामसभेनं बारावं नाव लिहिलं.

फोटोचं काम अर्थातच प्रफुलकडे आलं. अनुसयाबाईची मुलगी कांता एक कार्ड घेऊन दुकानात आली. दाईच्या सरकारी प्रशिक्षणाचं जुनं ओळखपत्र होतं ते. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं, कोपऱ्यातून ओल शिरलेलं. त्यावर अनुसयाबाई समोर पाहत होती, कोणीतरी दम दिल्यासारखी.

"एकच हाय बापा," कांता म्हणाली. "मतदान कार्डावर तं निसता कोळसा दिसते. सांभाळजो."

"मावशी, काई होत नाई त्याले."

सव्वीस जानेवारीला उद्घाटन. चोवीस तारखेला प्रफुल अनुसयाबाईच्या फोटोवर आला. प्लॅस्टिक धुरकट, म्हणून स्कॅनही धुरकट आला. प्लॅस्टिक सोडवून पुन्हा काढावा म्हणून त्यानं इस्त्री कोमट केली, वरून फिरवली आणि कोपरा धरून हलकेच ओढला. प्लॅस्टिक निघालं. त्याच्यासोबत अनुसयाबाईचा चेहराही निघाला, सालीसारखा, तुकड्या-तुकड्यांनी. कार्डावर चेहऱ्याच्या जागी पांढरा कागद उरला.

त्यानं तुकडे एका कागदावर गोळा केले. मग मनाला म्हणाला, स्कॅन तर आहे. आणि कामाला लागला. आधी ओलीचे पिवळे डाग काढले. शिक्क्याची गोल रेघ पुसली. मग कपाळावर काही काळपट ठिपके होते, हनुवटीवर एक होता. टक, टक, टक. वीस वर्षांची सवय. बोट डोक्याला विचारत नाही. नाक थोडं बारीक केलं, रंग उजळवला, हिरवी साडी नेसवली आणि त्याच फाईलवर सेव्ह केलं. बायको डबा घेऊन आली होती. ती खांद्यावरून वाकून म्हणाली, "लय छान दिसते हो. मास्तरीणच वाटते."

सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर दालन उघडलं. बारा चौकटी, बारा हार. अकरा पुरुष काळ्या कोटात ओळीनं, जणू एकाच ऑफिसातले. शाळेची पोरं एकमेकांना विचारत होती, पहिलवान कोणता रे यातला? कांता धुतलेलं लुगडं नेसून आली होती. पहिल्या चौकटीपासून सुरुवात करून ती बाराव्या चौकटीपर्यंत गेली, आणि तिथून मागं फिरली. पुन्हा पहिल्यापासून पाहू लागली. मग एका शाळकरी पोरीला तिनं हळूच विचारलं, "बाई माही, आमची माय कुठी हाय?"

पोरीनं चौकटीखालची पाटी वाचली. "हेच तं होय."

कांता जवळ गेली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, घासलं. धूळ बसली असेल असं तिला वाटलं असावं. एकदा घासलं, थांबली, पुन्हा घासलं.

प्रफुल तिच्यामागे तीन हातांवर उभा होता. तेव्हा त्याला ते कपाळ आठवलं. अंगठा ओढायला खाली वाकलेलं, निळसर हिरव्या ठिपक्यांचं. गोंदण. डाग नव्हते ते. जन्मल्यावर जगात ज्या चेहऱ्यानं त्याला पहिल्यांदा पाहिलं, त्या चेहऱ्यावरचं त्यानं पुसून टाकलं होतं, आणि पुसताना त्याला काहीच आठवलं नव्हतं.

सांगून टाकायला हवं होतं. कांता वळून म्हणाली, "बापा, थे कार्ड?" आणि त्याच्या तोंडातून निघालं, "नागपूरले राह्यलं, मावशी. प्रिंटवाल्याकडं."

त्यानंतर दोन बाजार झाले. पहिल्या बाजाराला तो म्हणाला, नागपूरवाला लग्नाला गेला. दुसऱ्याला म्हणाला, कुरिअर अडकलं. कार्ड खालच्या ड्रॉवरमध्ये होतं, कागदाच्या पुडीत, सालीच्या तुकड्यांसह. रात्री जेवताना आई विचारायची, "कांताचं कार्ड देल्लं का रे?" तो ताटात पाहून म्हणायचा, "देतो."

धुकं विरत होतं. दारात मोटारसायकल थांबली आणि सदाशिवराव कमरेवर हात ठेवून उतरले, विळ्यासारखे वाकलेले.

"पायाळू! हाय का दुकानात? चमक भरली बावा सकाळपासून. लाव पाय."

पायाळू माणसानं पाय लावला की पाठीतली चमक जाते, असं या भागात सगळे मानतात. प्रफुलला महिन्यातून चार-पाच तरी पाठी यायच्या. त्यानं चप्पल काढली. सदाशिवराव स्टुलाला धरून ओणवे झाले.

"आपल्या दालनाची बातमी पेपरात आली, पाह्यली का?" ते खालूनच बोलत होते. "आजूबाजूच्या दोन गावचे सरपंच पाहून गेले. म्हणते, आमचंबी करा. आन सगळ्यात भारी फोटो कोणता म्हणते माहीत हाय? अनुसयाबाईचा! अगदी घरंदाज दिसते म्हणे. अबे, जरा खाली... तिथी, तिथी."

प्रफुलचा पाय त्यांच्या पाठीवर होता, आणि दारात कांता उभी होती. डोक्यावर बोरांची टोपली. तिनं टोपली उतरवली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"लावा, लावा. थे पाय पयले माह्या मायनं पाह्यले, मंग तुमच्या पाठीले भेटले."

"ते तं होयच!" सदाशिवराव सरळ होत म्हणाले. दोनदा कंबर हलवून पाहिली. "गेली बुवा चमक. कांता, तुह्या मायचं नाव झालं हो आता तालुक्यात." आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेले.

कांतानं ओंजळभर बोरं प्रफुलच्या टेबलावर, कीबोर्डच्या बाजूला ठेवली. "पोट्ट्याईले नेजो. गोड हाय. आलं का कार्ड?"

प्रफुल अजून अनवाणीच होता. त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग खाली वाकला, ड्रॉवर ओढला आणि पुडी काढून तिच्या समोर ठेवली.

"मावशी, हे नागपूरले गेलंच नोतं. इथंच होतं."

तिनं पुडी उघडली. पांढऱ्या चौकोनाकडे पाहिलं. प्लॅस्टिकला चिकटलेला एक डोळा, गालाचा तुकडा. ती ते बोटानं जुळवून पाहू लागली, चुलीजवळ फुटलेली बशी जुळवावी तशी. जुळलं नाही.

"कवा झालं हे?"

"उद्घाटनाच्या दोन दिवस आधी. मीच ओढलं. आन कपाळावरचं गोंदणबी मीच काढलं. मले डाग वाटले."

"डाग?"

"हो."

"तू दोन बाजार फिरवलं मले." आवाज चढलेला नव्हता. "मी मोहल्ल्यात सांगत होती, नागपूरले गेली आमची माय, लय मोठ्या मशिनीतून निघून राह्यली."

प्रफुलला तिच्याकडे पाहवेना. त्यानं बोरांकडे पाहिलं.

"गेली तवा आम्ही तिच्या अंगावरचं सारं काढून घेतलं," कांता म्हणाली. "नाकातली फुली, हातातले गोट, सारं. गोंदण तेवढं राह्यते माणसाले. तेवढंच संगं जाते. आमच्यात असंच मानते. आन तू तिथी जाऊन थेबी काढलं? मंग थे भिंतीवर कोण बसवली रे तू? तिची पोरगी तिले वयखत नाई, तं पोट्टे कोणाले पाहून शिकतीन?"

दुकानाबाहेर कोणी झेरॉक्स विचारलं. प्रफुलनं हातानंच नंतर या म्हणून खुणावलं.

"मी दुसरा करतो, मावशी. तुम्ही सांगा, मी लावतो. कुठी कुठी होतं?"

"काऊन, तुले नाई आठवत? तुहा अंगठा ओढे ना थे."

"होते इतकं आठवते. किती होते, नाई."

कांता उठेल असं त्याला वाटलं. ती उठली नाही. तिनं टोपली पायानं आत सरकवली, गिऱ्हाइकांचा स्टूल कॉम्प्युटरजवळ ओढला आणि बसली. पडद्यावर हिरव्या साडीतली गोरी बाई आली. कांतानं डोळे मिटले.

"मी मोजणं तिच्या कपाळावर शिकली," ती म्हणाली. "लहानपणी तिच्या कुशीत निजे, तवा बोट लावून मोजे. नऊ होते. दोन भिवयाईच्या मधात एक. त्याच्यावर दोन. त्याच्यावर तीन." तिचं बोट हवेत फिरत होतं. "मंग पुन्हा दोन. आन वर एक. एकटाच."

"आन हनुवटीवर?"

"थो वेगळा. थो मोजायचा नाई. थो चिमटीत धरायचा."

प्रफुल ठिपके ठेवत गेला. सवयीचं बोट आज उलटं चालवायचं होतं, आणि ते चालत नव्हतं. एक ठिपका फार गोल झाला, कांता म्हणाली, असा टिकलीवानी नोता, जरा फुटका होता. त्यानं फोडला. रंग काळा आला, तर ती म्हणाली, हिरवट. मग नाक. "तिचं नाक बसकं होतं. माह्यावानीच." त्यानं कांताच्या नाकाकडे पाहून रुंद केलं. रंग उतरवला. एक पायरी, दोन पायऱ्या. "अजून," ती म्हणाली. "काळी होती, बापा. सावळी गिवळी नाई. काळी." मग साडी. "हे कोणाची होय?"

"कॉम्प्युटरमधली हाय. साऱ्याच बायाईले घालतो."

"काढ."

कोपऱ्यात टोपलीवर झाकलेलं कांताचं जुनं लुगडं होतं, जांभळं. प्रफुलनं विचारून ते निळ्या पडद्यावर टांगलं, त्याचा फोटो काढला आणि साडीच्या जागी बसवलं. नीट बसलं नाही. खांद्यावर सुरकुती आली. ती त्यानं काढली नाही.

कांता कॉम्प्युटरकडे वाकली.

"हेबी माय नोय," ती शेवटी म्हणाली. "तिचे डोये असे नोते. पण आता आमच्या मोहल्ल्यातली वाटते."

प्रफुलला जरा हलकं वाटलं, आणि वाटलं म्हणून लाजही वाटली. मूळ स्कॅनवरच सेव्ह केल्यानं खरा चेहरा कोणालाच आता मिळणार नव्हता, तिलाही नाही. त्यानं मान हलवली. "उद्या प्रिंट करून आणतो. गुरुवारी मी सोता येऊन बदलतो."

"बदलजो. आन गुपचूप नोको बदलू. चार माणसं बलावजो, सदाशिवरावाले बलावजो. पयलेचा काऊन काढला, थे तू सांगजो. मी नाई सांगणार."

"सांगतो."

"तुह्या मायसमोर सांगजो. तिनं नाव घेतलं होतं."

हे मात्र त्याला लागलं. सरपंचांचं काय, ते दोन शिव्या देतील आणि पुन्हा पाठ दाखवतील. आई काही म्हणणार नाही, आणि तेच अवघड होतं. "सांगतो," तो पुन्हा म्हणाला, या वेळी हळू.

कांतानं पुडी बांधली. तुकडे राहू द्या, मी चिकटवून पाहतो, असं तो म्हणाला, तर तिनं पुडी कमरेला खोचली. टोपलीवर लुगडं झाकलं, चुंबळ डोक्यावर ठेवली. "उचलू लाग," म्हणाली. प्रफुलनं टोपली उचलून तिच्या डोक्यावर दिली. ती बाजाराच्या वाटेला लागली. टेबलावरची बोरं तिनं परत घेतली नव्हती.

तेवढ्यात बाहेर थांबलेले पुंडलिकराव आत शिरले. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, आता फुकट प्रवासाचं कार्ड काढायला निघालेले. आल्या आल्या त्यांनी खिळ्यावरचा कोट पाहून हात हलवला. "कोट नोको. आन एक सांगतो, सुरकुत्या राहू देजो. मागच्या खेपेले तू मले असा चिकना केला का कंडक्टर म्हणे, काका, पोराचं कार्ड घेऊन फिरता का?"

"ठेवतो, काका. बसा. या बाजूनं, पडदा तिकून विटला हाय."

पुंडलिकराव छाती काढून बसले. प्रफुलनं चपला घातल्या, कॅमेरा उचलला, एक फोटो काढला, दुसरा काढला. चेहरा कॉम्प्युटरवर आला तशी त्यानं आधी एक कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि मग कामाला हात घातला. गालावर मस होती. बोट तिच्यापर्यंत गेलं, थांबलं, मागं आलं. प्रिंटर कुरकुरत कागद ओढू लागला. त्यानं टेबलावरची बोरं एका वाटीत काढून ठेवली, जागा पुसली, कात्री घेतली आणि पुंडलिकरावांचे आठ फोटो कडेकडेनं कापू लागला.